पेटी सोडविण्याचे बारा दिवस

दौलतराव सुरांचे वजन सांगत. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलण्याचे त्यांचे काम. संध्याकाळी आमच्याकडे पेटीवर बसले, तरी काटा डोक्यातून उतरत नसे. "कमल, तुहा गंधार पाव तोळा चढून राहिला," ते म्हणत. आणि गंधार खरोखरच चढलेला असे. गृहस्थ एकटे. खोलीत उंदीर फार, म्हणून पेटीही आमच्याकडेच ठेवीत.

कमल माझी धाकटी बहीण. नागपूरच्या रेडिओवर गाण्यासाठी तिची चाचणी ठरली होती. रेडिओला त्या काळी पेटी चालत नसे. साथीला तंबोरा आणि तबला. कमल मात्र सात वर्षे दौलतरावांच्या पेटीच्या आधाराने गात आलेली. पेटी थांबली की तिचा सूर डगमगे.

"मंग पेटी सोडवा लागन," दौलतराव म्हणाले.

त्यांनी पद्धत आखली. सप्तकाचे सूर बारा; रोज एका सुराच्या सगळ्या पट्ट्यांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारायच्या, म्हणजे त्या दबत नाहीत. तो सूर कमलने एकटीने पेलायचा. शिक्षक म्हणून मला ही पद्धत निर्दोष वाटली. पण दिवसभर शाळा करून, चैत्राच्या उकाड्यात तीच बंदिश ऐकून मी थकून गेलो.

"एकदम बंद केली तर?" मी विचारले.

"मास्तर, समोरचा माल एकदम उतरवला तं गाडी मांगं उलाल होते."

बाराव्या दिवशी सर्व पट्ट्या मुक्या झाल्या. कमल गायली, सूर ढळला नाही. पुढे नागपूरहून निवडीचे पत्र आले.

"काका, तिथं पेटीची आठवणच नाही आली मले," कमल आनंदाने म्हणाली.

"मंग काम झालं," म्हणून ते उठले. पेटी न्यायला उद्या येतो म्हणाले.

ते आले ते चौथ्या दिवशी, नेहमीच्या वेळेला. चहा संपला तरी कप हातातच. पेटीकडे त्यांनी पाहिले नाही. कमलने तंबोरा ओढला.

"काका, माहा मध्यम उतरून राहिला. पाहता काय जरा?"

ती गायली. मध्यम चोख होता. एवढे मलाही कळत होते. दौलतरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"हो, उतरला," ते म्हणाले. "रोज बसा लागन."