बुरशीचं बारसं

या जगात कोणतीही गोष्ट नुसती असून भागत नाही. ती असल्याची नोंद व्हावी लागते. माणसाला जन्मदाखला लागतो, बोटीला परवाना लागतो आणि पानावरच्या बुरशीला 'वर्णन' लागतं. वर्णन होईपर्यंत ती बुरशी नसते, नुसते डाग असतात. (डाग ही झाड लावणाऱ्याची कटकट, बुरशी ही शास्त्राची प्रगती.) सुवा या आमच्या बेटांच्या राजधानीतल्या वनस्पती-संग्रहशाळेत मी चौदा वर्षं नोंदणी कारकून आहे, तेव्हा हे अधिकाराने सांगतो.

रेवा नदीपलीकडच्या एका गावातून मकेरेताबुबू (बुबू म्हणजे आजी, ती अख्ख्या गावाचीच) पानांची मोळी घेऊन आमच्याकडे आली. तिच्या केवड्यावर काळे ठिपके पडले होते. केवड्याच्या पानांच्या ती चटया विणते. उनाइसी या नातीचं लग्न तीन महिन्यांवर होतं, आणि आमच्याकडे चटईवाचून नवरी म्हणजे शिक्क्यावाचून अर्ज.

तिचा प्रश्न एकच होता. "याला औषध काय?"

आमचे बुरशीतज्ज्ञ डॉ. सतेंद्र गाउंडर लगेच गावात गेले. रिवाजाप्रमाणे यांगोनाची (कुटून, पाण्यात कालवून पितात ती) मुळं गावप्रमुखापुढे ठेवून परवानगी घेतली आणि बुबूच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला. एकशे सदतीस पानं तपासली. एकशे छत्तीस पानांवरची बुरशी जुनी, नाव-गाव असलेली निघाली, त्यामुळे शास्त्राला तिच्यात रस उरला नाही. एकशे सदतिसाव्या पानावरची मात्र कुणीच पाहिलेली नव्हती: बीजाणू अडीच मायक्रॉन जास्त लांब, टोकाला किंचित वाकडा. (अशा वाकडेपणावर आमच्या क्षेत्रात संसार उभे राहतात.)

डॉक्टरांनी पानाचा नखाएवढा तुकडा कापून घेतला. तेवढ्यात गावप्रमुखाने, मुळं तुम्हीच आणलीत तर प्यायलाही तुम्हीच बसा, म्हणून त्यांना यांगोनाच्या सात करवंट्या पाजल्या. सातवीनंतर जीभ बधिर होते आणि बोट सुटायची वेळ झालेली असते. उरलेलं पान बुबूच्या हातात देत ते कसेबसे म्हणाले, "बुबू, हे नीट सांभाळा. फार मोलाचं आहे."

"जा तू निर्धास्त. साठ वर्षं पानंच सांभाळतेय मी."

आता, आमच्या संग्रहशाळेत पान सांभाळणं म्हणजे ते वर्तमानपत्रात दाबणं, चिठ्ठी डकवणं आणि कपाटात कुलूपबंद करणं. बुबूच्या गावात पान सांभाळणं म्हणजे काटे काढणं, उकळणं, उन्हात वाळवणं, शिंपल्याने घासून सपाट करणं, पट्ट्या काढणं आणि विणणं. हेतू दोन्हीकडे एकच, पान टिकावं. (त्यांचं टिकतं. आमच्या कपाटाला वाळवी आहे.)

तीन महिने होत आले तेव्हा डॉक्टरांचा निबंध स्वीकारला गेला. एकच रकाना रिकामा होता: मूळ पान कुठे ठेवलंय? (कापून आणलेला तुकडा तपासणीतच खर्ची पडला होता.) ते जमा झाल्याशिवाय नाव नाही, आणि नावाशिवाय महिनाअखेर डॉक्टरांचा करार वाढणार नव्हता. लग्नाला चार दिवस असताना आम्ही दोघं गावात पोचलो.

"बुबू, ते पान?"

"हे काय!" बुबूने चटईकडे बोट दाखवलं. काठाला लाल-हिरव्या लोकरीच्या झालरी, आणि मधोमध ठिपक्यांच्या चार पट्ट्या. "मोलाचं म्हणालास ना? नवरा-नवरी बरोब्बर त्यावर बसतील."

"उकळलंत?"

"मग काय कच्चं विणू? एवढा शिकलेला, आणि विचारतो काय बघा!" ओसरीवरच्या बायका खिदळल्या.

डॉक्टर पालथे पडून भिंगातून पाहू लागले. ठिपके शाबूत होते. "एवढ्या चार पट्ट्या उसवून द्या."

"कात्री लाव, आधी तुझी बोटं कापते. एवढीच एक चटई झाली माझ्या पोरीला. बाकीची पानं गेली डागांत. तू दुसरं पान शोध."

"दुसऱ्या कुठल्याच पानावर ती नाही, बुबू. आणि हे नसेल तर माझी नोकरी नाही."

बुबूने विचारलं, "पोरंबाळं?"

"दोन मुली."

"मग हे आधी नाही सांगायचं, गधड्या?"

अशा वेळी कारकून कामी येतो. मूळ नमुना अखंड जमा करावा, असा नियम आहे. तो केवढा असावा, असा नाही. मी नऊ बाय सहा फुटांची चटई झालरींसकट नोंदवून घेतली. दुसरा नियम असा, की कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली अभ्यागतांना नमुना कुठेही तपासता येतो. त्यानुसार लग्नाच्या दिवशी चटई गावात अंथरली गेली. तपासनीस: उनाइसी आणि नवरदेव. कालावधी: दोन तास दहा मिनिटं. पद्धत: बसून. शेरा: "मऊ आहे." (देखरेख करणाऱ्याने भट्टीतलं डुक्कर दोनदा वाढून घेतलं.)

दुसऱ्या दिवशी चटई शीतकपाटात गेली. आता दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते जोडपं तीन प्रतींत अर्ज करून अर्धा तास तपासणी करून जातं.

निबंध छापून आला, डॉक्टरांचा करार वाढला. नाव काय ठेवलं, हे गावप्रमुखाने विचारलं, पाद्र्याने विचारलं, आमच्या संचालकांनी घसा खाकरून दोनदा विचारलं. शेवटी बुबू आली. "औषध काय?"

डॉक्टर ओशाळले. "बुबू, तुमचा केवडा जुन्या बुरशीने मरतोय. तिचं वर्णन शंभर वर्षांपूर्वीच झालंय."

"मग शंभर वर्षं करताय काय?"

"ती नवी नाही ना, बुबू."

यंदा बुबूच्या वाडीत केवडा उरलेला नाही. धाकट्या नातीच्या लग्नात प्लॅस्टिकची चटई असेल.

राहता राहिलं नाव. ते आहे, लॅटिन आहे, ऐकायला गोड आहे. ते ऐकायला आपण इथवर थांबलात, याची नोंद मी रीतसर केली आहे. औषध विचारणाऱ्यांच्या रकान्यात मात्र अजून एकच सही आहे.