धूलिरहित दालन

देशाने आपले ट्रान्झिस्टर आपणच बनवावेत असे १९६२ साली ठरले आणि त्यासाठी रेवदंड्याची निवड झाली. कारण शास्त्रशुद्ध होते. ट्रान्झिस्टर वाळूपासून बनतो असे अहवालात म्हटले होते आणि रेवदंड्याला वाळू नुसती पडून होती. त्या वाळूत बांबू रोवून नीराबाई कोळीण तीस वर्षे बोंबील सुकवत होती, एवढे मात्र अहवालात नव्हते.

उपसंचालकसाहेब नाकाला रुमाल लावून स्वतः आले. "बाई, धुळीचा एक कण पडला तरी आमचा माल बाद. अर्ध्या मैलात बोंबील सुकवायचे नाहीत."

"मंग आमी खावं काय, सायेब?"

"एक हंगाम कळ काढा. पहिली खेप नीट निघाली की तुमची जागा तुम्हाला परत."

नीराबाईने बांबू उपटले. त्या दिवसापासून ट्रान्झिस्टर व्हावा असे साऱ्या देशात तिच्याइतके कुणालाच वाटत नव्हते.

कारखान्यात धूलिरहित दालन उभे राहिले. पांढरे कपडे, डोक्याला फडके, चपला बाहेर. शिंक आल्यास रीतसर अर्ज करून ती आवाराबाहेर शिंकावी, असे परिपत्रक निघाले.

उद्घाटनाला नामदार आले. दालनात रांगोळी घातली होती. यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, उदबत्त्यांचा जुडगा खोचला. नामदारांनी यंत्रावरच नारळ फोडला, पाणी आतपर्यंत गेले, वर मूठभर गुलाल पडला. चपला मात्र सगळ्यांनी बाहेर काढल्या होत्या. नियम म्हणजे नियम.

पहिल्या खेपेचे शंभर ट्रान्झिस्टर निघाले. शंभरच्या शंभर मुके.

चौकशी समिती बसली आणि संशय अर्थातच बोंबलांवर गेला. नीराबाईला बोलावणे आले. ती तडक म्हणाली, "म्या एक शेपूट बी सुकवलं न्हाय, सायेब. त्या दिशी आत उदबत्त्या व्हत्या, गुलाल व्हता, नारलाचं पानी..."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे नारळ फोडायला नको होता, असं तुमचं म्हणणं? तसं लिहून घेऊ?"

नीराबाई गडबडली. तिच्या घरची होडी नारळावाचून कधी पाण्यात गेली नव्हती, आणि नवरा धर्माजी त्या घटकेला समुद्रातच होता.

"न्हाय, न्हाय! आसं लिवू नका. नारल तर पायजेच."

"मग दोष कुणाचा?"

तिने शाईचे पॅड पुढे ओढले. "बोंबलांचाच आसंल," म्हणाली आणि तिने अंगठा उठवला.

बंदी अर्ध्या मैलाची एक मैल झाली, ती कायमची. नव्या यंत्राला मंजुरी मिळाली, आणि खबरदारी म्हणून पाच नारळांनाही. जागा गेली म्हणून नीराबाई घरी जाऊन ढसाढसा रडली. पण अंगठा चुकीचा दिला असे तिला वाटले नाही.

वाचकांनी तिला खुशाल हसावे. फक्त त्याआधी आपल्या घरच्या रेडिओला लावलेले कुंकू पुसायला हात उठतो का, तेवढे बघावे.