काटा हलला का?

तारमळेकाका कुणाच्याही घरी गेले की समोर आलेलं पाणी लगेच पीत नाहीत. ग्लासाच्या आतून बोट फिरवतात आणि घरच्या बाईकडे बघत म्हणतात, "बुळबुळतंय." आमच्याकडे हे झालं तेव्हा माझ्या बायकोने घरातले सगळे ग्लास पुन्हा घासले आणि यापुढे या माणसाला चहासुद्धा विचारायचा नाही, असं मला बजावलं.

दोष काकांचा नाही, धंद्याचा आहे. अंबरनाथच्या आमच्या शेडमध्ये समुद्राचं पाणी गोड करायची चाचणी चालते. नळाला बारवी धरणाचं गोड पाणी असताना टँकरने खारं पाणी आणणारे आम्हीच, त्यामुळे गेटवरचा वॉचमनही आमच्याकडे जरा कीव करूनच बघतो. हे पाणी दाबाने मेंब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून, ढकलायचं. पण पाण्यातले जंतू पडद्यावर बुळबुळीत थर धरतात, दाब चढतो आणि गेजचा काटा सरकतो. शेठनी सांगून टाकलं होतं, शुक्रवारपर्यंत काटा लाल खुणेला टेकला तर चाचणी बंद आणि काकाही घरी.

शेठ उल्हासनगरचे. "तारमळे, दवा डालो, खतम करो," हा त्यांचा एकच उपाय.

"मेलेल्या जंतूंवर उरलेले जेवतात, शेठ. मारायचं नाय, उपाशी ठेवायचं."

म्हणून काकांनी पडद्याच्या आधी वाळूचा थर बसवला. वाळूतले जंतू पाण्यातलं खाणं तिथेच फस्त करतात. "पंगत वाळूतच उठली पायजे," काका म्हणत. "पुढं शीतसुद्धा जाता कामा नये." पंपाजवळ कुणी डबा उघडला तरी ते अंगावर यायचे. आणि येता-जाता एकच प्रश्न, "काटा हलला का?"

त्या आठवड्यात माझाही जीव टांगणीला लागला होता. काका मात्र दुपार झाली की जेवायला म्हणून बदलापूरला घरी पळायचे. नोकरी त्या काट्यावर लटकलेली आणि या माणसाला घास कसा जातो, याचा मला रागच यायचा.

शुक्रवारी दुपारी शेठ आले. काटा होता तिथेच होता. "चालू रखो," म्हणाले आणि गेले. काका घरी गेलेले, फोन उचलेनात. नाही नाही ते मनात यायला लागलं, तशी मी स्कूटर काढली.

दार उघडंच होतं. काकू भिंतीला धरून वजनकाट्यावर उभ्या होत्या. आजाराने त्यांची पार रया गेली होती. पेजेची वाटी हातात धरून काका जमिनीवर बसले होते आणि काटा वर सरकतो का ते वाकून बघत होते.

मला पाहून त्यांनी विचारलं, "हलला का?"

"जागचा हलला नाही, काका. शेठ चालू ठेवा म्हणाले."

काकांनी पुन्हा वजनकाट्याकडे बघितलं. "इथलापण नाय हलला."

मी चपला काढून आत आलो.

"बस झालं हो आता," काकू म्हणाल्या.

"दोन शितं राह्यलीत," काका म्हणाले आणि त्यांनी वाटी काकूंच्या ओठांना लावली.