झाडाला तुंबडी

आमच्या गल्लीतल्या मल्लिनाथअप्पांना कुठल्याही बंद भांड्यात हवा राहिलेली सहन होत नाही. त्यांच्यासमोर लोणच्याची बरणी आली की ते आधी झाकण दाबून बघणार, मग तोंड वाकडं करून म्हणणार, "हवा हाय आत. काढाय पायजे." एवढं बोलून गप्प बसले तर ते अप्पा कसले. ते घरी जाऊन सायकलचा पंप घेऊन येतात. त्या पंपातलं चामड्याचं वायसर त्यांनी उलटं बसवलंय, त्यामुळं तो हवा भरायच्या ऐवजी ओढतो. आमच्या गावात माणसंच सरळ चालत नाहीत, पंपाला काय नावं ठेवायची.

उमरग्यात त्यांनी जन्मभर फ्रीज दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा जुने कॉम्प्रेसर घरी आणले आणि पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही. तसं कुणी येतही नव्हतं. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला दिलेली. मग ते गल्लीतल्या डब्या-बरण्यांच्या मागं लागले. शेजारच्या काकूंच्या ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यातली हवा त्यांनी काढली, किडे मरतील म्हणून. किड्यांचं काय झालं ठाऊक नाही, डबा मात्र धाडकन आत चेपला. काकूंनी गल्ली डोक्यावर घेतली. अप्पा डब्याकडं कौतुकानं बघत म्हणाले, "दाब बगा की किती हाय."

माझं औषधाचं दुकान आहे. एका सकाळी अप्पा आले आणि सलाईनच्या नळ्या मागू लागले.

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

"कोन न्हाय. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचं हवा वढायचं मशीन केलंय, शिंदीच्या झाडांना लावायच्यात."

गावाबाहेर ओढ्याकाठी शिंदीची झाडं आहेत. अप्पांचा शाळेपासूनचा दोस्त हणमंता परवाना काढून त्यांची नीरा काढायचा आणि पहाटे स्टँडवर विकायचा. थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी झाडावर चढून ताजी खाच मारायची, मडकं बांधायचं, आणि उजाडायच्या आत पुन्हा चढून ते उतरवायचं. अप्पा रोज तिथं खाली बसून त्याच्याशी भांडत. त्यांना शुगर आहे, नीरेचा थेंब तोंडात घालत नाहीत. तरी एक दिवस खाडा नाही.

मी म्हटलं, "अप्पा, नीरा वरून खालीच यायचीय ना? त्याला मशीन कशाला?"

"खाली येतीय, पर झाडातनं भाईर कोन काडनार? रोज नवी खाच माराय चढाय लागतंय. एकदा भोक पाडायचं, नळी घट ठोकायची, खालनं वढायचं. मंग चढायचं कामच न्हाय."

मला राहवलं नाही. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," मी म्हणालो.

"भित्तीला न्हाय, झाडाला लावतोय," अप्पा म्हणाले. "नळ्या दे."

पहिल्या दिवशी मशीननं नीरेच्या आधी मुंग्या ओढल्या आणि नळी तुंबली. दुसऱ्या खेपेला काचेची बरणी फुटली. पुढं कधी लाईट जायची, ती यायची तेव्हा ऊन वर आलेलं असायचं आणि नीरा आंबून गेलेली. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. लोक मोटारसायकली काढून ओढ्यावर यायचे. मीही दुकान बंद करून हसायला जायचो. दुसऱ्याची फजिती बघायला आम्हाला कधी वेळ कमी पडत नाही.

हणमंता वैतागला होता. "मल्ल्या, माझ्या बापानं मडक्यावर संसार केला. तू झाडाला दवाखान्यात घालायलास."

"तुजं गुडघं बग आदी," अप्पा म्हणाले. "चढताना पाय कापायल्यात तुजं. म्या खालनं बगतो की रोज."

तेव्हा मला कळलं की हा माणूस रोज पहाटे झाडाखाली कशाला बसतो. मित्र पडला तर आपण झेलू, असं त्यांना वाटत असावं. काडीसारखे हात, म्हणे झेलू. मी हसायचं बंद केलं.

शेवटी मशीन चाललं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून अप्पांनी नळ्यांची तोंडं घट्ट बसवली, काचेच्या जागी जाड प्लास्टिकची बरणी आणली, आणि एका पहाटे झाडाझाडांतून नीरा त्या नळ्यांनी खाली उतरली. हणमंता बराच वेळ बरणीला हात लावून उभा होता. त्यानंतर तो झाडावर चढला नाही. अप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. भेटेल त्याला सांगत होते, "हणमंता खाली हाय बगा आता."

हणमंताचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो कैक वर्षं बापाला बोलावत होता, आणि बाप म्हणायचा, "मंग झाडं कोन बगंल?" दिवाळीला मुलगा आला, त्यानं मशीन बघितलं आणि म्हणाला, "आता काय अडलंय? अप्पा हायतच की." मुलगा त्याला घेऊन गेला. नीरा आता हणमंताचा पुतण्या विकतो. तो उजाडता उजाडता येतो, बरणी उचलतो, आणि अप्पांशी एक शब्द न बोलता जातो.

मला मुलाचा राग आला, हणमंताचा आला, सगळ्यात जास्त त्या मशीनचा आला. कुणाचं काही चुकलेलं नसताना राग कुणावर काढायचा, हे मात्र मला अजून समजलेलं नाही.

परवा पहाटे नव्या नळ्या द्यायला मी ओढ्यावर गेलो. मशीन झकास चाललं होतं. अप्पा दगडावर बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी नाव बघितलं, उठले, आधी मशीन बंद केलं. त्याचा आवाज पुरता थांबू दिला आणि मग फोन उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेलाच असतो.

"मल्ल्या, मशीन बरं हाय का?" हणमंतानं विचारलं.

"बंद पडलंय. काल धरनं."

"कशानं?"

"काय कळंना बा."

"तुला कळंना?" हणमंता हसला. "उगडून बग की."

"बगितलं. मला न्हाय जमत. तू ये."

पलीकडं एक लहान पोरगी आजोबांना बूट मागत होती. हणमंता तिला काहीतरी बोलला, मग म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे की. सोडून दे झाडं. लई केलं आपुन."

"व्हय," अप्पा म्हणाले.

फोन ठेवून ते दगडावर बसले. पुतण्या यायची वेळ होत आली होती. मी मशीनकडं गेलो.

"चालू करू का, अप्पा?"

"थांब जरा," ते म्हणाले. "परत फोन लावंल हणमंता."

पुतण्या आला, अर्धीच बरणी बघून तसाच परत गेला. ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो. बरणीतली नीरा आंबून गेली.