गोलात अडकलेली गाडी

"वेनियामिन अर्काद्येविच, गाडी काढा," इग्नात दारात उभा राहून म्हणाला. "आज मैदानावर पाणी सोडायचंय, हॉकीसाठी बर्फ धरायला."

"गाडी निघणार नाही," आतून उत्तर आलं. "बॅटरी वर घरात आहे. पलंगाखाली. ह्या गारठ्यात तिला खाली नेलं तर ती मरेल."

"मग ढकलू या."

"ढकलायची का म्हणून? माझी गाडी तिथे सप्टेंबरपासून उभी आहे. हॉकी आत्ता आली. नंतर आलेल्यानं जागा बघून बसावं."

सात नंबरच्या इमारतीच्या अंगणात हॉकीचे गोल म्हणजे जमिनीत रोवलेल्या लोखंडी पाइपांच्या दोन चौकटी. त्यातली कचराकुंडीकडची चौकट वेनियामिनच्या मते देवानं त्याच्या गाडीसाठीच घडवली होती. गाडीची शेपूट त्या पाइपांत अशी फिट्ट बसायची की डावीकडे हात मावेल एवढी जागा, उजवीकडे तेवढीच. फुकटचं गॅरेज! शिवाय हॉकीबद्दल त्याचं ठाम मत होतं. एका रबरी चकतीमागे दहा जाणती माणसं ऊर फुटेस्तोवर धावतात, आणि ती मिळाली की लगेच दुसऱ्याला देऊन टाकतात. मग धावले कशाला? हे मत उरल डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पोरं चालण्याआधी स्केटिंग शिकतात, तिथे बोलून दाखवायला हिंमत लागते. वेनियामिनकडे ती होती. तो दुधाच्या कारखान्यात केफिर चाखायच्या नोकरीवर होता. दिवसभर आंबट दूध तोंडात घोळवून माणूस कुणाला भीत नाही.

"म्हणजे आम्ही करायचं काय?" इग्नातने विचारलं.

"आजूबाजूला सोडा पाणी!" वेनियामिन म्हणाला आणि दार लावून घेतलं.

इग्नात दातांचा डॉक्टर. सांगितलं तेवढंच करणारा, सरळ स्वभावाचा माणूस. त्याने आजूबाजूला पाणी सोडलं. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. पाण्याला मात्र आजूबाजू वगैरे कळत नाही. ते गाडीखाली गेलं, चाकांना मिठी मारून बसलं आणि गोठलं. सकाळी वेनियामिन ब्रेड आणायला खाली उतरला तेव्हा गाडी निम्म्या चाकांपर्यंत बर्फात होती. दारं उघडेनात. आरशाएवढ्या गुळगुळीत मैदानाच्या टोकाला ती गोलात, तोंड मैदानाकडे करून उभी होती.

"रिम्मा!" तो धापा टाकत वर आला. "गाडी बुडाली!"

"कुठे?" त्याची बायको रिम्मा कणीक मळत होती.

"अंगणात!"

"मग सापडेल," रिम्मा म्हणाली.

पण प्रकरण इतकं सोपं नव्हतं. येत्या रविवारी नऊ नंबरच्या अंगणाशी सामना ठरला होता आणि त्यावर पैज लागली होती. हरणाऱ्याने बर्फ वितळेपर्यंत जिंकणाऱ्याच्या अंगणातला बर्फ फावड्याने उपसायचा. उरलमधला हिवाळा एप्रिलपर्यंत हलत नाही. तेव्हा अख्ख्या इमारतीचे डोळे वेनियामिनकडे लागले.

तो कामाला लागला. आधी उकळत्या पाण्याची किटली आणून पुढच्या चाकाशी ओतली. बर्फात झकास खळगा पडला. दुसरी किटली आणेपर्यंत खळगा भरून गोठला होता. चार-पाच किटल्या झाल्यावर वरून रिम्मा ओरडली, "वेन्या, तू गाडी काढतोयस की पुरतोयस? काल टोपी दिसत होती चाकांची, आज ती पण गेली!"

मग त्याने मीठ आणलं. पण पहिली मूठ पडायच्या आत झोया कपितोनोव्ना आडवी आली. ही बाई तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झाली होती आणि रस्त्यात येणाऱ्या कुठल्याही वस्तूवर घंटा वाजवायची तिची सवय गेली नव्हती.

"खबरदार! मीठ टाकलंस तर मैदानाची खीर होईल. आणि माझ्या कुत्रीचे पंजे सोलून निघतील त्याचं काय?"

"मग मी करू काय, झोया कपितोनोव्ना?"

"लग्न केलंयस ना? बायकोकडे केस वाळवायचं यंत्र असेल की!"

यंत्र होतं. वेनियामिनने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून वायर सोडली. ती पुरेना म्हणून तिला दुसऱ्या मजल्यावरच्यांची वायर जोडली, आणि संध्याकाळी गाडीखाली आडवा पडून चाकाला गरम वारा घालू लागला. पाऊण तासात बर्फ घामेजल्यासारखा दिसू लागला. त्याला इतका आनंद झाला की त्याने यंत्राचा काटा शेवटच्या खुणेवर नेला.

अख्ख्या इमारतीतली वीज गेली.

तेही चाललं असतं. पण त्या वेळी टीव्हीवर फिनलंडशी सामना चालू होता, तीन-तीन बरोबरी होती, आणि शेवटचं मिनिट होतं. आधी इमारत गप्प झाली. मग सगळ्या मजल्यांवरून एकदम जो आवाज उठला तो वेनियामिनने गाडीखालूनच ऐकला, आणि थोडा वेळ तिथेच पडून राहणं त्याला बरं वाटलं. वीज आली तेव्हा फिनलंडवाले एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात कुणी त्याला रामराम करेना. इग्नातने तर त्याला दिलेली दाढेची तारीख पुढे ढकलली. दाढ ठणकत होती. शेवटचा उपाय म्हणून वेनियामिनने बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरने साखळी लावून जोर केला आणि गाडीचा पुढचा बंपर घेऊन तो निघून गेला. बाकीची गाडी तशीच होती.

रविवार उजाडला. नऊ नंबरचा कप्तान तागीर संघ घेऊन आला, आणि गोल पाहून जागीच थांबला. तागीर वेल्डर होता, छातीने दरवाजाएवढा.

"हे काय आहे?"

"गाडी," इग्नात कसनुसा म्हणाला.

"ते मला दिसतंय. गोलात काय करतेय?"

"राहते."

तागीर झोया कपितोनोव्नाकडे वळला. पंच तीच होती, कारण दोन्ही अंगणांशी तिचं सारखंच भांडण होतं. तिने गळ्यातली शिट्टी झटकली.

"गोलात गाडी नसावी असा नियम आहे का? नाही. अर्ध्या वेळानंतर बाजू बदलायच्या आहेत ना? मग आधी एकाची गाडी, नंतर दुसऱ्याची. नाणं उडवा आणि सुरू करा, माझ्या पायांना कळ लागतेय."

नाणं उडवलं. पहिल्या अर्ध्या वेळासाठी गाडी नऊ नंबरच्या वाट्याला आली.

त्यानंतर जे झालं ते पाहणं वेनियामिनच्या जिवावर आलं. त्याच्याच अंगणाचे लोक, ज्यांच्या घरी त्याने वाढदिवसाला केक खाल्ले होते, ते जीव खाऊन त्याच्या गाडीवर चकत्या मारू लागले. ठण्ण! उजवा दिवा गेला. खण्ण! दाराला पोचा. नऊ नंबरचा गोलकीपर गाडीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता, आणि प्रत्येक ठणठणाटावर त्यांचे लोक ओरडत होते, "शाब्बास गाडी!" उलट बाजूला इग्नातच्या संघाचा गोल मोकळा पडलेला. तिथे तागीरने दोन चकत्या सहज आत घातल्या.

"अरे, काच! काच सांभाळा!" वेनियामिन कुंपणाबाहेरून ओरडत होता.

"गोलातून गाडी काढ मग!" गर्दीतून उत्तर आलं.

अर्ध्या वेळाच्या सुट्टीत त्याला राहवेना. त्याने घरातला भिंतीवरचा गालिचा आणून गाडीच्या टपावर घातला, उशा काचांना लावल्या. पण बाहेरून लावलेल्या उशा घसरत होत्या. त्या आतून धरायला हव्यात हे त्याच्या लक्षात आलं. दारं गोठलेली होती. वेनियामिन मात्र काटकुळा होता. त्याने खिडकीची काच बाहेरून दाबून कशीबशी खाली केली, तीतून तो डोकं घालून आत शिरला, पाय ओढून घेतले आणि दोन्ही हातांनी दोन उशा पुढच्या काचेला धरून बसला. दुसरीकडची काचही त्याने खाली केली, नाहीतर ती फुटली असती.

"हा खेळाडू नाही! मैदानाबाहेर!" तागीर ओरडला.

"खरंय," इग्नात म्हणाला. "हा मालक आहे."

"राहू दे आत," झोया कपितोनोव्नाने निकाल दिला. "बाहेर जास्त त्रास देतो."

आता गाडी सात नंबरची होती. नऊ नंबरने जीव तोडून मारा केला, पण गाडीच्या दोन्ही बाजूंनी हात मावेल एवढीच जागा. इकडे इग्नातने वाहत्या नाकाने एक गोल केला, थोड्या वेळाने दुसरा. दोन-दोन! अंगण पेटलं. रिम्मा बाल्कनीतून पातेलं बडवत होती. गाडीत वेनियामिन डोळे मिटून बसला होता.

शेवटच्या मिनिटाला तागीरने दात-ओठ खाऊन असा फटका मारला की चकती जमिनीवरून उडाली, उजव्या खिडकीतून आत घुसली आणि वेनियामिनच्या गुडघ्यावर बसली.

"आई ग!"

"चकती कुठाय?" सगळे धावले. दोन्ही संघ उजव्या खिडकीशी गोळा झाले. नऊ नंबरचा गोलकीपरही आपला गोल सोडून मैदान ओलांडून आला आणि इतरांच्या खांद्यावरून आत डोकावू लागला.

"आत आहे! गोल झाला!" तागीर ओरडला.

"कसला गोल? ती गाडीत आहे!"

"गाडी गोलात आहे! गोलातल्या गाडीत गेली म्हणजे गोलात गेली!"

"शेपूट गोलात आहे! तो बसलाय तिथे बाहेरच आहे!"

"शिट्टी वाजलेली नाही!" मागून झोया कपितोनोव्ना गरजली. "खेळ चालू आहे!"

एकीकडे गुडघ्यात कळ, दुसरीकडे ठणकणारी दाढ, समोर फुटका दिवा आणि खिडकीत चौदा घामट चेहरे त्याच्यावर ओरडतायत. वेनियामिनच्या डोक्यात तिडीक गेली.

"घ्या तुमची चकती! आणि जा खड्ड्यात!"

उजव्या बाजूला चेहरेच चेहरे होते, म्हणून त्याने डावीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि जिकडे कुणी नव्हतं तिकडे, म्हणजे थेट समोर, चकती जीव खाऊन भिरकावली. ती टणाटण दोन उड्या मारून सपाट झाली आणि मोकळ्या मैदानावरून निवांत घसरत निघाली. उजव्या खिडकीशी अजून वाद चालला होता. चकती मध्यरेषा ओलांडून गेली. बाल्कनीतलं पातेलं थांबलं. चकती हळू झाली, अजून हळू झाली, आणि नऊ नंबरच्या मोकळ्या गोलाच्या रेषेपलीकडे एक वीत जाऊन थांबली.

झोया कपितोनोव्नाने शिट्टी फुंकली.

"तीन-दोन. सात नंबर. वेळ संपला."

"त्यानं हातानं टाकली!" तागीरचा आवाज फाटला.

"गाडीनं टाकली," झोया कपितोनोव्ना म्हणाली. "माणूस मघाशी खेळाडू नव्हता हे तूच ओरडून सांगितलंस. आता माझ्यापुढे शब्द फिरवू नकोस. ट्राममध्ये असतास तर खाली उतरवला असता."

त्या दिवशी वेनियामिनला खिडकीतून ओढून काढून खांद्यावर घेऊन अंगणभर मिरवलं. इग्नातने तिथल्या तिथे त्याची दाढ बघितली. आणि दुसऱ्या सकाळपासून नऊ नंबरचे लोक गुमान फावडी घेऊन सात नंबरच्या अंगणात येऊ लागले.

आठवड्याभराने दारावरची घंटा वाजली. तागीर आणि त्याचे दोघे सोबती टोप्या हातात धरून उभे होते. एकाच्या हातात केकचा डबा.

"वेनियामिन अर्काद्येविच," तागीर खाकरला. "मार्चमध्ये परतीचा सामना आहे. आम्ही अंगणात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आम्हाला वाटतं, आमच्या बाजूनं खेळावं."

वेनियामिनच्या छातीत काहीतरी फुललं. त्याने पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवलं, स्वतः खुर्चीत ताठ बसला.

"अवघड आहे," तो म्हणाला. "माझं अंगण मला सोडणार नाही. पण बोलू या. मला एक नंबरचा सदरा लागेल. मधल्या सुट्टीत चहा, जाम घालून. आणि सराव मी संध्याकाळीच करेन, सकाळी कारखाना असतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तसं नाही हो," तागीर कळवळून म्हणाला. "आम्ही गाडीबद्दल बोलतोय. मी खालचा बर्फ चौकोनात कापतो. सगळा ठोकळाच ओढून नेऊ. तिला काही होणार नाही."

चुलीवर पेल्मेनीच्या, म्हणजे उकडलेल्या खिमा-करंज्यांच्या, पातेल्याचं झाकण थडथडत होतं. वेनियामिनने केकच्या डब्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"गाडी मिळायची नाही," चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली रिम्मा म्हणाली. "ती आमची गोलकीपर आहे. ह्याला न्या हवं तर."

तागीरने वेनियामिनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हात पसरून हवेत दोन पाइपांमधलं अंतर मोजलं आणि मान हलवली.

"रुंदीला कमी पडेल."

"मार्चपर्यंत वेळ आहे ना?" रिम्मा म्हणाली, आणि नवऱ्यापुढे पेल्मेनीची काठोकाठ भरलेली थाळी ठेवली.