तात्यांचा कडक पेला

आमच्या मलकापुरातले सुभेदार तात्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी पोटाकडे बघतात. कुणी नमस्कार केला की ह्यांच्या खिशातून फौजेतला जुना पट्टा निघतो आणि समोरच्याच्या कमरेला बसतो. ठरलेल्या भोकापर्यंत पोचला नाही, तर जागेवर निकाल: "रिपोर्ट खराब हाय." बँकेच्या साहेबांना त्यांनी भर चौकात असं मोजलं होतं. साहेब तेव्हापासून दुसऱ्या रस्त्यानं जातात.

तात्या शेजारच्या घरात एकटेच. काकी वारल्या, मुलगा शिरवळला कारखान्यात. राहिलेला सगळा जीव पाल्यात आणि सालींत. मेथीचं पाणी, शेवग्याचा रस, अर्जुनसालीचा काढा. कुठलंही पाजताना एकच वाक्य, "कडू तेवढं कडक."

आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं, डॉक्टरांनी गोळी दिली आणि बातमी कुंपणापलीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी फाटक वाजायला लागलं. किटली, पेला आणि तात्या. "गोळी म्हंजे शरणागती, मास्तर," ते म्हणायचे. आमचे मास्तर लगेच पटवून घेणारे. गोळ्या कपाटात पडल्या. माझे सासरे हृदयविकारानं गेलेले, त्यामुळे मला रोज त्या पेल्याची धास्ती वाटायची. भांडून उपयोग नव्हता. तात्या प्रत्येक रस आधी स्वतः पिऊन यायचे आणि ह्यांना तेवढी खात्री पुरे होती.

त्या सकाळी दुधीचा रस होता, तात्यांच्याच परसातल्या वेलाचा.

"आज लय कडक झालाय," तात्या खुशीत म्हणाले. "जीभच वळंना."

माझी चपाती तव्यावरच राहिली. दुधी चिरताना देठाकडचा तुकडा आधी चाखायचा, कडू निघाला तर विषारी समजून टाकून द्यायचा, हे आमच्याकडे पोरींना स्वयंपाकाच्या पहिल्याच दिवशी शिकवतात. ह्यांनी पेला ओठांपर्यंत नेला होता. मी तो हिसकावला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि मोरीत थुंकले. जहर कडू.

"तात्या, चिरताना दुधी चाखला होता का?"

"चाखायचं काय त्यात?"

मी सगळा रस मोरीत ओतला. तात्यांना तो अपमान वाटला. खुर्चीत ताठ बसून राहिले. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि ते पोट धरून खाली वाकले.

कराडचा दवाखाना तसा जवळच, पण त्या दिवशी रस्ता संपेना. हे गाडी चालवत होते, मी मागे तात्यांना धरून. उलटीत रक्त दिसलं तेव्हा मी ह्यांना गाडी आणखी जोरात घ्यायला सांगितलं. तात्यांचं मात्र एकच चाललं होतं.

"मास्तर न्हाई ना प्यालं?"

नाही, म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर सांगून गेले, तसा माझा इतका वेळ दाबलेला राग बाहेर पडला. जन्मभर दुधी खाल्ला आणि चाखायचं ठाऊक नाही, असं मी सलाइन लावलेल्या माणसाला फाडफाड बोलले.

तात्या छताकडे बघत होते. "ती चाखायची," ते म्हणाले. "माज्या ताटात कवा कडू आलंच न्हाई, सूनबाई. मला वाटलं, आपला वेलच गोड हाय."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

घरी आल्यावर तात्या दिसेनासे झाले. हे गुपचूप गोळी घेऊ लागले, पण सकाळ झाली की ह्यांचे कान फाटकाकडे. मलाही चहा करताना चुकल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी फाटक वाजलं. किटली नव्हती, पट्टाही नव्हता. हातात नुसता एक कोवळा दुधी.

"सूनबाई, जरा चाखतीस का?"

मी देठाकडचा तुकडा काढून खाल्ला. गोड होता. तसं सांगितल्यावर ते दुधी घेऊन परत निघाले.

"भाजी इथंच करते," मी म्हटलं. "बसा."

तात्या बसले. मास्तरांना गोळी घेतली का, एवढं विचारलं. नंतर मी चिरत होते तोवर विळीचा आवाज ऐकत राहिले.