मिलिंदचे बुडबुडे

कुठलीही वस्तू दिसली की मिलिंद तिच्यावर नखाने टिचकी मारतो आणि विचारतो, "टिकेल का?" मग ते पातेलं असो, चप्पल असो, की समोरचा नवा टॉवर. एका लग्नात त्याने हाच प्रश्न नवरा-नवरीकडे बघत जरा मोठ्याने विचारला. आम्हाला जेवण आटपून लवकर निघावं लागलं.

करी रोडच्या आमच्या चाळीत तो गॅलरीच्या एका टोकाला एकटा राहतो, मी दुसऱ्या टोकाला. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वेड एकच: पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा काढायचा, आणि तोही महागडे धातू न वापरता, निकेल-लोखंडाचा लेप दिलेल्या साध्या जाळीवर. "वायू कुणीही काढेल रे. जाळी टिकली पाहिजे."

कॉलेजात संध्याकाळी शिपाई मेन स्विच बंद करतो, म्हणून मिलिंदने काचेचं भांडं घरीच खिडकीत बसवलं आणि वायूची नळी बाहेर सोडली. शेजारच्या मालवणी काकू घाबरल्या. "मेल्या, ह्यां फुटाचां नाय मां?"

"फुटणार नाही काकू. टिकेल का, ते मात्र सांगता येत नाही."

काकूंची झोप उडाली.

त्याला बसवत म्हणून नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितो. "चालू असताना जाळी एवढी खराब होत नाही. मध्येच वीज गेली की प्रवाह उलटा फिरतो आणि लेप सुटतो," असं सांगतानाही त्याचं लक्ष दिव्याकडे. भांड्याला इन्व्हर्टर लावलेला, तरी दिवा लुकलुकला की हा घास टाकून पळायचा.

माझे वडील, आप्पा, तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. नाकाला नळी, उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. मिलिंद रोज संध्याकाळी दारात यायचा.

"काय शास्त्रज्ञ, बुडबुडे येतायत?"

"येतायत, आप्पा."

"मग थोडा ऑक्सिजन इकडे पाठव. आणि लग्न कर. ते टिकवून दाखव."

एका दुपारी समोरच्या टॉवरसाठी चाललेल्या खोदकामात विजेची केबल तुटली आणि आप्पांचं मशीन थांबलं. सिलिंडरवाला फोनवर नुसताच "निघालोय" म्हणत होता. आप्पांचे ओठ काळवंडायला लागले. तेवढ्यात गॅलरीत खडखडाट झाला. मिलिंद आपला इन्व्हर्टर चाकांवर ढकलत आणत होता. त्याची जाळी दिवाळीपासून अखंड चालू होती.

"अरे, तुझं भांडं?"

"गप. प्लग दे."

मशीन सुरू झालं. सिलिंडर येईपर्यंत तो आप्पांच्या खाटेच्या कडेवर बसून राहिला. त्याला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

संध्याकाळी त्याच्या खोलीत गेलो. भांड्याच्या तळाशी काळसर पापुद्रे साचले होते.

"दुसरी करू," तो म्हणाला, आणि खिडकीच्या गजावर टिचकी मारली.

पुढे आप्पा गेलेच. त्या आजारपणात मिलिंदने आमच्या घरातल्या खाटेवर, स्टुलावर, मशीनवर टिचक्या मारल्या. आप्पांकडे बघून मात्र तो प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

आता त्याच्या भांड्यात नवी जाळी आहे. संध्याकाळी तो अजून आमच्या दारात येतो, रिकाम्या खाटेकडे बघत, पाय हलवत उभा राहतो आणि परत जातो. काल शेवटी मीच विचारलं, "काय शास्त्रज्ञ, बुडबुडे येतायत?"

"येतायत," तो म्हणाला. आणि आत येऊन खाटेच्या कडेवर बसला.